कात्री लावण्याआधी : मोठ्या छाप्याचा ब्लाउज घरी शिवताना

नागपुरातल्या घरांत ब्लाउजपीस सहसा विकत आणावा लागत नाही, तो येतच राहतो. संक्रांतीचं हळदीकुंकू, डोहाळजेवण, भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, लग्नकार्यातली ओटी. दर वेळी नारळ-तांदळांसोबत 80 सेंटिमीटरचा एक तुकडा घरात येतो आणि दुसरा घरातून बाहेर जातो. यातले बहुतेक एकरंगी असतात आणि हातोहात पुढे सरकतात. एखादा मात्र कपाटातच राहतो. गर्द मरून जमिनीवर तळहाताएवढ्या कोयऱ्या, नाहीतर मोहरी रंगावर काळ्या रेषेत काढलेले मोर, हत्ती, बायांचे चेहरे. तो इतका आवडलेला असतो की देऊन टाकवत नाही, आणि शिवायला टाकायचं धाडसही होत नाही. कोणत्या साडीवर घालायचा, शिवताना मोराची मान कापली गेली तर काय, अंगावर फार भडक दिसेल का, या प्रश्नांपायी तो वर्षानुवर्षं घडीतच पडून असतो.

असा ब्लाउज घरीच शिवावा, हे या पुस्तिकेचं म्हणणं आहे. ज्यांना साधा अस्तराचा ब्लाउज बऱ्यापैकी शिवता येतो, पण छाप्याच्या कापडाला कात्री लावताना हात थबकतो, त्यांच्यासाठी ती लिहिली आहे.

मोठ्या छाप्याच्या ब्लाउजचं निम्मं काम मशीनवर बसण्याआधीच होतं. कापड टेबलावर किंवा फरशीवर पसरायचं, कोणती आकृती अंगावर कुठे यायला हवी ते ठरवायचं, आणि ते ठरेपर्यंत कात्री बाजूला ठेवायची. याला हातातल्या सफाईपेक्षा सवड जास्त लागते आणि टेलरकडे नेमकी तीच नसते. लग्नसराईत किंवा दिवाळीच्या तोंडावर त्याच्याकडे ब्लाउजांचा ढीग असतो. तो कापड दुमडतो, माप टाकतो आणि कापून मोकळा होतो. त्याची शिलाई उत्तम असते, बसणीही उत्तम. पण छापा जुळवण्यात गेलेल्या वेळाचे पैसे त्याला कुणी देत नाही, तेव्हा तो वेळ त्याने घालवावा असं म्हणणंही बरोबर नाही. घरी शिवणारीला मात्र दुपारभर नुसतं कापडाकडे बघत बसता येतं. तिच्या ब्लाउजमध्ये टेलरच्या ब्लाउजपेक्षा काही वेगळं दिसणार असेल, तर ते इथूनच येईल.

मशीन बहुतेक घरांत असतंच. सासूबाईंचं, आईचं, लग्नात आलेलं, पायाने चालवायचं. गेली काही वर्षं त्यावर कुंडी किंवा इस्त्रीचे कपडे ठेवलेले असतात इतकंच. नागपूरपासून साधारण 75 किलोमीटरवर गांधीजींचं सेवाग्राम आहे. यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनी शिलाई मशीनला मात्र अपवाद केलं होतं. 1924 मध्ये रामचंद्रन या तरुणाशी झालेल्या संभाषणात त्यांनी सिंगरच्या मशीनचा मोजक्या उपयोगी यंत्रांत समावेश केला. हाताने टाके घालताना बायकोला होणारे कष्ट पाहून सिंगरने ते बनवलं, अशी कथा त्यांनी सांगितली. प्रत्यक्षात एलियास हाऊ याने 1846 मध्येच शिलाई मशीनचं पेटंट घेतलं होतं आणि सिंगरचं पेटंट 1851 चं, तेही व्यवसायासाठी घेतलेलं. पण घरातल्या एका माणसाचे कष्ट कमी करणारं आणि त्याच्याच ताब्यात राहणारं यंत्र, ही गांधीजींनी हेरलेली गोष्ट खरी आहे. तेल घालून, पट्टा बदलून ते जुनं मशीन आजही सरळ शिलाई मारतं, आणि या कामाला सरळ शिलाईपलीकडे काही लागत नाही.

आता साडीचा प्रश्न. विदर्भात तो सोपा आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतले कोष्टी विणकर जी करवतकाठी साडी विणतात, तिचं अंग टसरचं आणि बहुधा साधं असतं. सगळी नक्षी काठात. करवतीचे दाते ओळीने उभे केल्यासारखा तो काठ तीन धोट्यांनी विणला जातो, काठाचा रंग आणि अंगाचा रंग एकमेकांत अडकवत. टसरचा किडा भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलांतल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. त्या धाग्याचा मधासारखा नैसर्गिक रंग मरून, निळा, काळा, गेरू अशा कुठल्याही मोठ्या छाप्याला सामावून घेतो. साडीच्याच रंगाचं टू बाय टू घेऊन मॅचिंग करण्याची सवय आपल्याला इतकी लागली आहे, की साध्या अंगाच्या साडीला बोलका ब्लाउज हवा हे विसरायला होतं. करवतकाठीवर कलमकारीचा ब्लाउज एकदा घालून आरशात पाहावा; मॅचिंगची गरज होती का, ते तिथल्या तिथे कळतं.

कापड हे या शहराचं जुनं काम. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित केलं तो हा दिवस, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. भोवती वऱ्हाडचा कापूस होता, आणि सव्वाशे वर्षं त्या भोंग्यावर शहराच्या अर्ध्या भागाचं घड्याळ चाललं. 2002 मध्ये मिल कायमची बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आणि इमारती आहेत. देशाची केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून नागपुरातच आहे. कापड मात्र आता बाहेरून येतं: गांधीबागच्या ठोक बाजारात, तिथून बर्डीच्या दुकानांत आणि गल्लीबोळांतल्या मॅचिंग सेंटरांत. हाताने छापलेलं कापड थेट कारागिराकडून घ्यायचं, तर सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात भरणारा हस्तकला मेळा गाठावा. तिथे कापड विकणाऱ्याला ते कसं छापलं हे विचारता येतं, आणि बहुतेक जण मनापासून सांगतात.

विचारावं अशीच ती गोष्ट आहे. आंध्रातल्या मछलीपट्टणमजवळच्या पेडणा गावात कलमकारी लाकडी ठशांनी छापतात. श्रीकाळहस्तीत बांबूच्या कलमाने हाताने काढतात. दोन्हीकडे सुती कापड आधी हिरडा आणि म्हशीचं दूध यांत भिजवतात. हिरड्यातल्या टॅनिनमुळे रंग धरतो आणि दुधातल्या स्निग्धतेमुळे तो पसरत नाही, रेघ रेघच राहते. काळा रंग लोखंडाचा भंगार आणि गूळ पाण्यात आंबवून तयार होतो. लाल हवा असेल तिथे तुरटी छापतात, आणि मग रंगाच्या भांड्यात कापड उकळलं की तुरटीच्या जागा लाल होतात. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाग गावचं कापड लाल-काळं, पांढुरक्या जमिनीवर. ते बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात. कच्छचं अजरख निळं आणि लाल, ताऱ्या-चौकटींनी गच्च भरलेलं. 2001 च्या भूकंपानंतर धमडका गावातल्या पाण्यात बदल झाला, तेव्हा तिथल्या अनेक खत्री कुटुंबांनी अजरखपूर नावाचं नवं गाव वसवलं, कारण पाणी बदललं की रंग बदलतो.

हेच कापड एकेकाळी युरोपला इतकं आवडलं होतं, की तिथल्या विणकरांच्या पोटावर पाय आला. फ्रान्सने 1686 मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली आणि ती 1759 पर्यंत ठेवली. इंग्लंडने 1700 आणि 1721 मध्ये कायदे केले. हॉलंडमध्ये तशी बंदी आली नाही. तिथल्या हिंडेलोपेन या बंदरगावातल्या बायका कोरोमंडल किनाऱ्याच्या छापील कापडाची कमरेपर्यंतची जाकिटं आणि लांब अंगरखे घालत. मोठमोठी फुलं, वेली, अंगभर. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या गावातल्या शिवणारीलाही हाच प्रश्न पडला असणार: हे फूल कुठे येऊ द्यायचं?

ब्लाउजच्या बाबतीत त्याचं उत्तर पदर ठरवतो. आपल्याकडची गोल साडी असो की नऊवारी, पदर डाव्या खांद्यावरून जातो. म्हणजे पुढचा डावा भाग जवळजवळ पूर्ण झाकला जातो, आणि पाठीचाही डावा भाग पदराखाली जातो. उघडी राहते ती उजवी बाही, उजवा पुढचा भाग आणि पाठीची उजवी बाजू. शिवणाच्या पुस्तकांत छाप्याचं केंद्र पाठीच्या मधोमध आणायला सांगतात. टॉप किंवा कुर्त्यासाठी ते योग्य आहे. साडीच्या ब्लाउजवर मात्र मधोमध आणलेला मोर अर्धा पदराआड जातो आणि उरलेलं नुसतं शेपूट मिरवत राहतं. म्हणून कापडातली सगळ्यात देखणी आकृती उजव्या बाहीसाठी राखावी. दुसरी पाठीसाठी, मध्यापासून थोडी उजवीकडे. तिसरी पुढच्या उजव्या भागावर, खांद्यापासून खाली येताना छातीच्या टोकाच्या वर. टोकावरच गोल आकृती येऊ देऊ नये. ती लांबूनही आधी दिसते आणि वाईट दिसते. डावा पुढचा भाग सगळ्यात शेवटी, उरलेल्या कापडातून काढला तरी चालतो. कापड कमी असेल तेव्हा ही एक गोष्ट फार कामाला येते.

हे सगळं नीट बघता यावं म्हणून पेपर कटिंग वर्तमानपत्रावर करू नये. एक तर शाई फिक्या कापडाला लागते. मुख्य म्हणजे, कागद ठेवला की खालचा छापा दिसतच नाही. बटर पेपर घ्यावा, किंवा नव्या साडीवर येते तशी पारदर्शक पिशवी कापून त्यावर मार्कर पेनाने आखावं. नेहमी पाठीचा अर्धाच भाग काढून कापडाच्या घडीवर ठेवतात. इथे पाठ अख्खी काढायची, दोन्ही बाह्या वेगवेगळ्या काढायच्या, आणि प्रत्येकीवर उजवी-डावी लिहायचं. मग कापड एकेरी पसरून तो पारदर्शक साचा त्यावर सरकवत राहायचा. दोन बोटं वर घेतला की हत्तीचे पाय तुटतात, तीन बोटं डावीकडे नेला की सोंड मुंढ्यात जाते. एका जागी तो नेमका बसतो आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं. तिथे टाचण्या लावाव्यात, मोबाइलवर फोटो काढावा, आणि चहा पिऊन परत येऊन तो फोटो बघावा. कापडाकडे वाकून बघताना जे सुटतं, ते फोटोत लगेच डोळ्यांत भरतं.

दुहेरी कापड कापण्याचा मोह कटाक्षाने टाळायचा. कापड आडवं दुमडलं की वरच्या थरातले हत्ती उभे असतात आणि खालच्या थरातले पाठीवर पडलेले. एका बाहीवर सरळ मोर आणि दुसरीवर उलटा, असे ब्लाउज बर्डीच्या गर्दीत रोज दिसतात, आणि त्यामागे घाईत घातलेली ही एक घडी असते.

कापड किती घ्यायचं, हे छाप्याच्या रिपीटवर ठरतं. एका मोराच्या चोचीपासून त्याच ओळीतल्या, खालच्या तशाच मोराच्या चोचीपर्यंत टेपने मोजावं. हे अंतर दोन इंच असेल तर फारसा विचार करावा लागत नाही. दहा-बारा इंच असेल, तर प्रत्येक आकृती हवी तिथे आणण्यात कापड वाया जातं. 36 छातीला, आखूड बाहीला, 44 इंची पन्ह्याचं 80 सेंटिमीटर कापड एरवी पुरतं. बारा इंची रिपीटला सव्वा मीटर घ्यावं. ओटीत आलेला 80 सेंटिमीटरचाच तुकडा असेल, तर बाह्या साध्या कापडाच्या कराव्यात. छाप्यातला एखादा गौण रंग उचलायचा, जमिनीचा नव्हे. मरूनमधला गेरू, निळ्यातला शेंदरी. मग मुख्य आकृती पाठीला आणि पुढच्या उजव्या भागाला मिळते, आणि बाह्या मुद्दाम तशा केल्यासारख्या दिसतात.

कटिंगचा प्रकार निवडतानाही छापाच पुढे चालतो. चार टक्सचा ब्लाउज सगळ्यांना येतो, पण प्रत्येक टक इंच-दीड इंच कापड गिळतो आणि त्याबरोबर त्या जागेचा छापाही. कटोरीत छातीवर शिवण फिरते आणि मोठी आकृती तिथेच दुभंगते. लहान बुट्ट्यांना कटोरी छान, मोठ्या कोयरीला नाही. प्रिन्सेस कटला पाठीमागे हूक घेतले तर पुढचा मधला भाग अखंड मिळतो, आणि गळा उंच ठेवला तर त्यात एक आकृती पूर्ण मावते. पाठ अखंड हवी असेल तर हूक पुढे. पाठीचा गळा खोल घ्यायची पद्धत आहे, पण चौदा इंच उंचीच्या पाठीत नऊ इंचांचा गळा घेतला तर छाप्याला उरतात पाच इंच. अशा कापडाला बोट नेक किंवा तीन-चार इंचांचा गळा शोभतो.

पुढे हूक असतील तिथे एक बारीक काम आहे. दोन्ही बाजू कापलेल्या कडेशी जुळवायच्या नसतात. हूक लावल्यावर जी मध्यरेषा येते, तिच्याशी जुळवायच्या असतात. आधी वर येणारी बाजू कापावी, तिची मध्यरेषा कच्च्या टाक्याने उमटवावी, ती कापडावर ठेवून छापा तंतोतंत मिळेपर्यंत सरकवावी, आणि मग दुसऱ्या बाजूची मध्यरेषा तिथे आखावी. तंतोतंत म्हणताना मात्र कापड कोणतं ते बघायला हवं. मशीनच्या छपाईत रिपीट शेवटपर्यंत सारखं असतं. हाताच्या ठशात कारागिराचा हात एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. तिथे मोठी रेघ जुळली की पुरे. बारीक पानं जुळवत बसलं तर उभा धागा तिरका जातो, आणि तिरका कापलेला ब्लाउज दोन धुण्यांत पिळवटतो.

हे सगळं करण्याआधी कापड धुवायचं. सुती कापड शंभरात तीन ते पाच भागांनी आटतं. पंधरा इंच उंचीत अर्धा इंच तरी जातो, आणि शिवल्यावर गेला तर ब्लाउज पोटावर वर चढतो. अस्तरही धुवायचं, नाहीतर वरचं आणि आतलं वेगवेगळं आटून मुंढ्यात चुण्या पडतात. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, असं घरोघरी सांगतात. मीठ रंगवतानाच्या भांड्यात काही रंगांना मदत करतं. नंतरच्या भिजवण्यात त्याचा फारसा उपयोग होत नाही. कापडावर बसलेला जादा रंग निघून जाणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी थंड पाण्यात वेगळं, पाणी नितळ येईपर्यंत खळबळावं लागतं. ओला पांढरा रुमाल घासून बघावा. रुमालाला रंग लागत असेल तर फिक्या टसरवर तो ब्लाउज अजून घालायचा नाही. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि लग्नंही तेव्हाच असतात. घामाने काखेतला रंग साडीला लागला, तर टसर पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. म्हणून अस्तर सुतीच, आणि बागसारख्या पांढुरक्या जमिनीच्या कापडाला पांढरं अस्तर नको, अंगाच्या रंगाचं घ्यावं. पांढरं आतून चमकत राहतं.

पुढची पानं तीन कापडं घेऊन चालतात. आधी अजरख, कारण ताऱ्या-चौकटींच्या छाप्याला वर-खाली नसतं आणि चौकटीची रेघ मध्यरेषेशी जुळवणं शिकायला सोपं जातं. मग बाग, ज्यात बुट्टे मोठे आणि मोकळे असतात आणि बाहीवर एकच फूल कसं बसवायचं ते शिकता येतं. शेवटी मोर-हत्तींची कलमकारी. कटिंगच्या आकृत्या 36 छातीच्या आहेत. आपलं माप टाकताना जो ब्लाउज अंगाला सगळ्यात चांगला बसतो, पण आता विरला आहे, तो उसवून, इस्त्री करून बटर पेपरवर ठेवावा आणि त्याच्या कडेने आखून घ्यावं. शिलाईची माया कडेने दीड इंच ठेवावी. उरलेल्या तुकड्यांतून आधी गळ्यासाठी उरेब पट्ट्या काढाव्यात, सव्वा इंच रुंदीच्या, आणि त्या जमिनीच्या रंगावरून कापाव्यात, म्हणजे गळ्याच्या गोलाईवर अर्धवट पानं येत नाहीत.